विजेची पालखी

बेळगाव आणि कोल्हापूर या दोन गावांमधले अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे. दोन्हीकडच्या बाजारपेठा एकमेकींत गुंतलेल्या, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. तरीही विजेच्या दृष्टीने पाहू गेल्यास ३१ डिसेंबर २०१३ च्या संध्याकाळपर्यंत ही गावे जणू दोन निरनिराळ्या देशांत होती. कोल्हापूरचा दिवा ज्या जाळ्यावर जळे त्याच जाळ्यावर इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर व पणजी येथील दिवे जळत. इतकेच नव्हे, तर २००६ पर्यंत दिल्ली, कोलकाता आणि गुवाहाटी ही शहरेही त्याच पंक्तीत येऊन बसली होती. बेळगावचा दिवा मात्र हैदराबाद, चेन्नई आणि तिरुवनंतपुरम यांच्या पंगतीतला. सीमा ओलांडणाऱ्या तारा नव्हत्या असे नाही. पण त्या तारांवरून वीज द्यावयाची तर एका बाजूचा एखादा भाग तिकडच्या जाळ्यातून तोडून काढून इकडच्या जाळ्याला बांधावा लागे. दोन्ही जाळी एकाच वेळी एकमेकांना जोडणे ही गोष्ट अशक्य नसली तरी अतिशय धोक्याची होती. हा धोका कसला, आणि तो पत्करून सगळा देश एका तारेत का ओवला गेला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पालखी वाहणारे भोई सर्वांनी पाहिलेले असतात. ओझे खांद्यावर आले की त्यांचे पाऊल एका ठेक्यात पडू लागते. एकाचे पाऊल पुढे आणि दुसऱ्याचे मागे, असे झाले तर पालखी हेलकावे खाते आणि भोयांचे खांदे सोलवटतात. घरोघर येणारी वीज ही अशीच एक पालखी आहे. तिचा प्रवाह एका दिशेने वाहत नाही. तो सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे आंदोलत असतो. या आंदोलनांच्या संख्येला वारंवारिता म्हणतात. एका जाळ्यावरची सर्व जनित्रे, मग ती कोळशावर चालणारी असोत की धबधब्यावर, याच एका ठेक्यात फिरतात. कोयनेचे चक्र आणि आसामातले चक्र यांच्यामध्ये हजारो किलोमीटर असले तरी ठेका एकच.

आता पालखीतले ओझे एकाएकी वाढले तर काय होईल? भोई लागलीच थांबत नाहीत. त्यांची चाल मंदावते. तद्वत् सायंकाळी लक्षावधी घरांतून दिवे लागले आणि तेवढी वीज निर्माण होत नसली, की सर्व जनित्रांचा वेग किंचित उतरतो आणि पन्नासाचे एकोणपन्नास पूर्णांक काही दशांश होतात. ओझे हलके झाले की चाल वाढते. धान्याप्रमाणे वीज कणगीत भरून ठेवता आली असती तर ही कटकट नव्हती. पण साठवणीची सोय आजही मागणीच्या मानाने अल्पच आहे. ज्या क्षणी वापरावयाची त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. म्हणूनच वारंवारितेच्या आकड्यावर नजर ठेवून बसणारी माणसे देशात रात्रंदिवस जागी असतात.

ही पालखी आरंभी फार लहान होती. १९०२ साली म्हैसूर संस्थानात कावेरीवरील शिवनसमुद्रम येथील धबधब्यापाशी वीज निर्माण करून ती सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे नेण्यात आली. त्या काळी जगातील अतिदीर्घ वाहिन्यांमध्ये तिची गणना होई. बंगलोर शहरातील रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी. आधी सोने, मग रस्ते. पुढे १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून घाटमाथ्यावरच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये आले, भिऱ्याचे १९२७ मध्ये.

इतक्या दूरवर वीज नेताना दाब एवढा प्रचंड का ठेवावा लागतो, हा प्रश्न शाळकरी मुलेही विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. तारेतून प्रवाह गेला की तार तापते, आणि ती उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज होय. प्रवाह निम्मा केला तर हा नाश निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. दाब दुप्पट केला म्हणजे तेवढीच वीज निम्म्या प्रवाहाने नेता येते. म्हणून खोपोलीहून निघालेली वाहिनी लाखभर व्होल्टची होती, आणि आज साडेसात लाखांवर व्होल्टच्या वाहिन्या देशभर उभ्या आहेत. शेताच्या बांधावरून जाणारा मनोरा जितका उंच, तितका सामान्यतः त्याच्या तारेतील दाब मोठा.

भिऱ्याचे नाव निघाले की मुळशीचे नाव निघतेच. त्या केंद्राला पाणी पुरविणाऱ्या मुळशीच्या धरणाखाली मावळातील गावे जाणार होती, आणि त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आदींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झालेच. वीज जेथे निर्माण होते, जेथून जाते आणि जेथे वापरली जाते ती ठिकाणे वेगवेगळी असतात, आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंच्या वाट्याला प्रकाश सर्वांत शेवटी येतो. ही गोष्ट पहिल्या वाहिनीइतकीच जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन होण्याचा मार्ग मोकळा झाला. या मंडळांनी खेडोपाडी तारा नेल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण प्रत्येक मंडळाचे जाळे आपल्याच राज्यापुरते विणलेले. ज्या राज्यात कोळसा आहे तेथे पाणी नाही, जेथे पाणी आहे तेथे कोळसा नाही. पावसाळ्यात एकाची धरणे तुडुंब तर उन्हाळ्यात दुसऱ्याची तळ दाखविणारी. शेजाऱ्याकडे मागावे तर तार नाही. तेव्हा १९६० नंतरच्या दशकात देशाचे पाच विभाग कल्पिण्यात आले: उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि ईशान्य. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोवा पश्चिमेत आले. म्हैसूर आणि आंध्र दक्षिणेत. बेळगाव-कोल्हापूरची ताटातूट झाली ती अशी. त्यामागे कोणाचा आकस नव्हता; नकाशावर रेघ कोठेतरी ओढावीच लागते.

या पाच पालख्या पाच ठेक्यांत चालू लागल्या. आणि ठेका म्हणावा तर तोही बेताचाच. १९९० नंतरच्या दशकात विजेचा तुटवडा एवढा होता की वारंवारिता कधी अठ्ठेचाळीसपर्यंत उतरे, तर रात्री मागणी सरली की एक्कावन्नाच्याही वर चढे. प्रत्येक राज्याने आपल्या वाट्यापेक्षा थोडी अधिक वीज ओढावी आणि बोट शेजाऱ्याकडे दाखवावे, असा प्रकार नित्याचा होता. अशा दोन पालख्या एकत्र बांधणे म्हणजे दोन्ही आडव्या पाडणे. यावर इंजिनियरांनी जी तोड काढली ती मोठी चतुर होती. दोन विभागांच्या सीमेवर एकाच आवारात एका बाजूची प्रत्यावर्ती वीज घेऊन ती एकदिश करावयाची आणि लगेच दुसऱ्या बाजूच्या ठेक्यात पुन्हा प्रत्यावर्ती करावयाची. दोन पालख्या आपापल्या चालीने चालल्या आहेत, आणि मध्ये उभा राहून कोणी एकीतले सामान उचलून दुसरीत ठेवीत आहे, असेच हे. विंध्याचल येथे १९८९ मध्ये ५०० मेगावॉटचे असे केंद्र पश्चिम आणि उत्तर यांच्यामध्ये उभे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे १,००० मेगावॉटचे केंद्र पश्चिम आणि दक्षिण यांच्या दरम्यान १९९७ च्या सुमारास आले. २००३ मध्ये ओरिसातील तालचेरहून एकदिश प्रवाहाची दीर्घ वाहिनी निघाली ती थेट कोलारला पोचली. एकशे एक वर्षांपूर्वी पहिली तार ज्या कोलारात संपली होती, तेच हे कोलार; सोन्याची खाण मात्र २००१ मध्ये बंद झालेली.

याच वेळी दुसरीकडे खरी जोडणीही सुरू झाली होती. आंतरराज्य वाहिन्यांसाठी केंद्र सरकारने १९८९ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापिले. पुढे त्याचे नाव पॉवरग्रिड झाले. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य एका ठेक्यात आले. २००२-०३ मध्ये विजेच्या हिशेबाची नवी पद्धत लागू झाली: वारंवारिता उतरलेली असताना जो ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढील त्याला ती चढ्या भावाने पडेल, आणि जो कमी ओढील त्याला त्याच भावाने मोबदला मिळेल. उपदेशाने जे साधले नव्हते ते खिशाने साधले. वारंवारिता पुष्कळशी ताळ्यावर आली. मार्च २००३ मध्ये रुरकेला-रायपूर वाहिनीने पश्चिम विभाग पूर्वेशी जोडला गेला, आणि ऑगस्ट २००६ मध्ये मुझफ्फरपूर-गोरखपूर वाहिनीने उत्तर विभागही त्यात आला. आता कच्छपासून अरुणाचलापर्यंत एकच पालखी होती. दक्षिण तेवढी वेगळी.

मग २०१२ चा जुलै महिना उजाडला. पश्चिमेकडे पावसाने हवा थंड झाली होती, विजेची मागणी उतरली होती. उत्तरेत पावसाने दडी मारली होती. शेतीचे पंप आणि घरांतील पंखे अहोरात्र चालू. साहजिकच पश्चिमेची उरलेली वीज उत्तरेकडे धावत होती, आणि तिची मुख्य वाट होती मध्य प्रदेशातील बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी. या वाहिनीची दोन अंगे. त्यांपैकी एक सुधारणेच्या कामासाठी बंद ठेवलेले. सारा भार उरलेल्या एका अंगावर, तोही त्याच्या स्वाभाविक वहनमर्यादेच्या कितीतरी वर. पश्चिमेकडील भारप्रेषण केंद्रातून आणि उत्तरेकडील केंद्रातून राज्यांना सांगणे चालू होते की ओढ कमी करा. ती कमी झाली नाही.

३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर २ वाजून ३३ मिनिटांनी ही वाहिनी आपोआप बंद पडली. तार तुटली नव्हती, वीज कोसळली नव्हती, कोठे शॉर्ट सर्किट झाले नव्हते. वाहिनीच्या रखवालीला एक रिले बसविलेला असतो. दाब उतरून प्रवाह बेसुमार वाढला की दूरवर कोठेतरी बिघाड झाला असे समजून तो वाहिनी तोडतो. त्या रात्री अतिभारामुळे तीच लक्षणे दिसली, आणि त्या इमानी पहारेकऱ्याने चोर समजून घरच्याच माणसाला अडविले. मुख्य वाट बंद झाल्यावर वीज पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेला जाऊ लागली. तो वळसा लांबचा. पश्चिमेचा आणि उत्तरेचा ठेका एकमेकांपासून निसटू लागला, आणि काही सेकंदांत एकामागून एक वाहिन्या सुटल्या. उत्तर विभाग एकटा पडला. अशा प्रसंगी आपोआप काही भाग अंधारात टाकून उरलेला वाचविण्याची योजना कागदोपत्री होती. त्यासाठीचे रिले प्रत्यक्षात पुरेसे चाललेच नाहीत. सुमारे ३६,००० मेगावॉट मागणीचा सारा उत्तर भारत काळोखात बुडाला.

दुपारी चारच्या सुमारास पुरवठा पूर्ववत झाला. लोकांनी सुस्कारा सोडला. आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, त्याच बीना-ग्वाल्हेर वाहिनीपाशी तेच घडले! या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्यही कोसळले. सुमारे ४८,००० मेगावॉटचा पुरवठा खंडित झाला. साठ कोटींवर लोक राहतात एवढा तो प्रदेश. आगगाड्या माळरानांत उभ्या राहिल्या, दिल्लीच्या मेट्रोतून उतारू बाहेर काढावे लागले, बंगालमधील कोळशाच्या खाणींत शेकडो कामगार भूगर्भात अडकून पडले. ते पुढे सुखरूप वर आले. पश्चिम विभाग मात्र वेळीच सुटा झाल्यामुळे तगला. मुंबईचे, इंदूरचे, बडोद्याचे दिवे चालू राहिले. दक्षिणेला तर या गोंधळाची झळही लागली नाही, कारण ती त्या पालखीला बांधलेलीच नव्हती.

या दोन दिवसांनंतर दक्षिणेतील एखाद्या विचारी माणसाने विचारले असते की, कशाला हवी आपल्याला ही जोडणी, तर त्याला वेड्यात काढता आले नसते. वेगळे राहणारा वाचला, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण त्याची दुसरी बाजूही होती. दक्षिणेत त्या वर्षांत विजेची टंचाई तीव्र होती. कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत तासन्‌तास भारनियमन चाले. पश्चिमेकडे व पूर्वेकडे वीज शिल्लक असूनही ती पोचविणाऱ्या वाटा चिंचोळ्या असल्यामुळे वीज बाजारात दक्षिणेसाठी भाव वेगळा आणि पुष्कळदा कितीतरी चढा निघे. अपघात दोन दिवसांचा, टंचाई बारमाही. परीक्षेच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या बेळगाव-धारवाडकडच्या मुलांना कोणते दुःख मोठे वाटले असते, हे सांगावयास नको.

चौकशी समितीचा निष्कर्षही जोडणीच्या विरुद्ध गेला नाही. दोष जोडलेपणाचा नव्हता. वाटा तोकड्या होत्या, रिले नीट लावलेले नव्हते, आणि सांगितलेले ऐकण्याची सवय राज्यांना नव्हती. तेव्हा हे दुरुस्त करावयाचे आणि पुढे जावयाचे असे ठरले. अपघातानंतर सतराच महिन्यांनी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर ही सुमारे २०८ किलोमीटर लांबीची ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू करून दक्षिणेला उर्वरित देशाशी जोडण्यात आले. सोलापूरच्या माळावर त्या संध्याकाळी दोन ठेके एक झाले. आरंभी या वाहिनीवरून वीज फार जपून सोडली जाई. नव्या भोयाला लगेच भारी बाजू देत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारीपासून वारंवारितेची मुभा ४९.९० ते ५०.०५ एवढीच राखण्याचा दंडक आला. २०१२ च्या वसंतात विभागाविभागांतून नेता येण्यासारखी वीज सुमारे २७,७५० मेगावॉट होती; २०२४ पर्यंत ती क्षमता १,१८,००० मेगावॉटांच्या वर गेली. त्याच वर्षी ३० मे रोजी देशाची एकूण मागणी २,५०,००० मेगावॉटांवर पोचली, आणि ती भागली.

या एकजीव जाळ्याची खरी परीक्षा मात्र उलट दिशेने झाली. ५ एप्रिल २०२० रोजी, महामारीच्या टाळेबंदीत, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवावेत असे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. कारखाने आधीच बंद, मागणी आधीच उतरलेली. बारा-तेरा हजार मेगावॉटांची घट होईल असा तज्ज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३१,००० मेगावॉटांची झाली! पालखीतले ओझे भोयांच्या खांद्यांवरून जणू कोणी झटक्यात उचलून नेले. त्यासाठी देशभरातील जलविद्युत केंद्रे सज्ज ठेवली होती, कारण कोळशाची भट्टी तासन्‌तास निवत नाही, पाण्याची झडप मात्र काही क्षणांत मिटते. जलविद्युत २५,५०० मेगावॉटांवरून आठ हजारांच्या आसपास आणली गेली आणि दिवे पुन्हा लागताच तितक्याच तातडीने वर नेली गेली. वारंवारिता ४९.७० आणि ५०.२६ यांच्या दरम्यान हिंदकळली, पण सुटली नाही. त्या नऊ मिनिटांत बहुतेक लोक गच्चीवर पणत्या लावण्यात दंग होते. दिल्ली, मुंबई, बंगलोर येथील भारप्रेषण केंद्रांतल्या माणसांनी त्या पणत्या पाहिल्या असतील असे वाटत नाही.

जाळे वाढते तसे मनोरेही वाढतात, आणि मनोरा कोणाच्या तरी जमिनीत रोवावा लागतो. गोव्यापाशी स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. तेथील बहुतेक सर्व वीज बाहेरून येते. ती वाढविण्यासाठी कर्नाटकातून शेल्ड्यापर्यंत ४०० किलोव्होल्टची नवी वाहिनी मोले अभयारण्याच्या जंगलातून नेण्याचे योजिले गेले, तेव्हा २०२० मध्ये गोमंतकातील तरुण मंडळी मोठ्या संख्येने विरोधात उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये शिफारस केली की, जंगलात नवा पट्टा तोडण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच वीज न्यावी. राजस्थानात याच प्रश्नाने माळढोक पक्ष्याच्या निमित्ताने न्यायालयाचे दार ठोठावले. तो जड पक्षी पुढची तार वेळेवर पाहू शकत नाही. महाराष्ट्रात नान्नजच्या माळावर त्याची दुर्दशा लोकांनी पूर्वीच पाहिलेली आहे.

शेतकऱ्याचे गाऱ्हाणे याहून जुने. वाहिनीसाठी जमीन संपादन होत नाही. सातबारा त्याच्याच नावावर राहतो, पण मनोऱ्याच्या चार पायांमधली जागा नांगराखालून जाते, आणि तारांखालच्या रुंद पट्ट्यात उंच झाड लावता येत नाही की घर बांधता येत नाही. १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार वापरून हे सर्व करता येत असे, आणि भरपाई बहुधा उभ्या पिकापुरती मिळे. २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे २०० आणि ३० टक्के करण्यात आले. परंतु या सूचना राज्यांनी स्वीकारावयाच्या आणि आपापल्या परीने लागू करावयाच्या आहेत. त्यामुळे आज एकाच ठेक्यावर चालणाऱ्या एकाच वाहिनीचा सीमेअलीकडचा मनोरा आणि पलीकडचा मनोरा यांना निरनिराळा भाव मिळू शकतो.